रस तुमचा, जाळी आमची

ज्यूसरच्या जाहिरातीत कुणाला जाळी घासताना पाहिलंय? पांढराशुभ्र ओटा, कापलेलं संत्रं, हसरं कुटुंब आणि काठोकाठ भरलेला ग्लास. संपली जाहिरात. मुंबईच्या गोराईतल्या आमच्या ओट्यावर खरं काम तिथून पुढे सुरू होतं. भांडं, झाकण, दाबायचा दांडा, चोथ्याचा डबा आणि ती जाळी. संत्र्याचे तंतू तिच्या भोकांत असे रुतून बसतात की घासणी वरच्यावर फिरून परत येते. मग जुना टूथब्रश शोधा, घासा, जाळी उजेडाकडे धरा, पुन्हा घासा. तासभर तशीच राहिली तर तंतू वाळून चिकटलेच. गाजराचा केशरी डाग प्लॅस्टिकवर बसतो तो वेगळाच. (तेलाचं बोट फिरवलं की बराचसा निघतो, हे मला कुठल्या माहितीपुस्तिकेने नाही, शेजारणीने सांगितलं.)

आणि तो ग्लास पितं कोण? आमचे हे. सकाळी फिरून आले की उभ्या उभ्या गटागटा पितात, मिशी पुसतात आणि ‘एकदम फ्रेश वाटतं’ म्हणत पेपर उघडतात. वाटणारच. जाळी माझ्या हातात असते.

यंत्र छोटं आहे, कमी जागेत मावतं, हा त्याचा मोठा गुण सांगतात. गोराईला ही थाप पचते, कारण जागतिक बँकेच्या मदतीने ८० च्या दशकात म्हाडाने इथे आखलेले प्लॉट म्हणजे आधीच वीतभर. पण यंत्र लहान म्हणजे त्याचं तोंडही लहान. अख्खी मोसंबी त्यात जात नाही; सोला, बिया काढा नाहीतर रस कडवट होतो, फोडी करा. एवढं होईस्तोवर माणूस दोन मोसंब्या खाऊन मोकळा होईल. मोटरही नाजूक. दोन मिनिटं चालली की तिला विश्रांती हवी. मला कोणत्या पुस्तिकेत विश्रांती लिहून दिली आहे?

यंत्रांशी माझं वैर नाही. याच मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर काढला, तो बायकोचं परदेशी यंत्र आपल्या वाटणाघाटणाला टिकेना म्हणून. त्या मिक्सरने पाटा-वरवंट्यावर वाकणाऱ्या कितीतरी पाठी सरळ केल्या. कुणाचं काम कमी झालं, हे तिथे बोट दाखवून सांगता येतं. ज्यूसरने कुणाचं काम कमी केलं? लिंबू पिळणीचं? ती तर बिचारी आजही एका नळाखाली धुऊन होते.

अतिशहाणपणात आपण एकटे नाही एवढंच समाधान. अमेरिकेत ‘ज्युसेरो’ नावाचं इंटरनेटला जोडलेलं रसयंत्र शेकडो डॉलरना विकत होते. २०१७ मध्ये पत्रकारांनी त्यात घालायच्या चिरलेल्या फळांच्या पिशव्या नुसत्या हाताने पिळून दाखवल्या, जवळजवळ तेवढाच रस निघाला. काही महिन्यांत कंपनीला टाळं.

राहिलं आरोग्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात फळांच्या रसातली साखर, आपण चहात घालतो त्या साखरेच्याच रांगेत बसवली. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ मध्ये रसापेक्षा अख्खं फळ खा, असंच सांगितलं. संत्र्याच्या ग्लासभर रसात चारेक चमचे साखर असते, आणि ती आवरून धरणारा तंतू आपण डब्यात टाकून दिलेला असतो. ह्यांच्या फिरायच्या टोळीत तर दुधीच्या रसाचं वेड आहे. दुधी कडू निघाला तर त्याचा रस जिवावर बेतू शकतो, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनी बजावलं, त्याला दहा वर्षं उलटून गेली. पण टोळीचं शास्त्र वेगळं: जितकं कडू तितकं औषधी!

अर्धा किलो गाजरांचा जेमतेम ग्लासभर रस, उरलेला चोथा. गोराईकराने तरी हा चोथा हसण्यावारी नेऊ नये. १९७२ पासून २००७ पर्यंत उपनगरांचा कचरा खाडीकाठच्या आमच्या डम्पिंगवर येऊन पडत होता. वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागत. आता ते डम्पिंग बंद करून वर माती-गवत केलंय. मुंबईचा बराचसा कचरा आता कांजूरमार्गच्या लोकांच्या नाकाखाली जातो.

चोथ्याची थालीपिठं लावा, असाही सल्ला मिळतो. म्हणजे यंत्राने आधी गाजराची फाळणी करायची आणि मी ती तव्यावर सांधायची! त्यापेक्षा गाजर किसून कोशिंबीर करते, वर फोडणी देते, सगळं गाजर सगळ्यांच्या पोटात जातं. धुवायला एक किसणी.

शेवटी मी घरात एकच नियम लावला: जो पिईल त्याने जाळी घासायची. ह्यांनी पहिल्या दिवशी बाह्या सरसावून घासली. दुसऱ्या दिवशी टूथब्रश कुठे आहे म्हणून तीनदा विचारलं. त्याच आठवड्यात घरात जाहीर झालं, की उपाशीपोटी रस ह्यांना बाधतो.