सेन्सॉरला भीती खुर्चीची

हुकूमशाहीतही चावट सिनेमे जोरात चालतात, म्हणजे लोकांना थोडी तरी मोकळीक असतेच, असे म्हणणारे आजही भेटतात. मला हे साफ नामंजूर आहे.

ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्कराची सत्ता होती. १९७० साली नीतिमत्तेच्या नावाखाली पुस्तके-मासिके आधीच तपासण्याचा हुकूम निघाला. आणि त्याच दशकात 'पोर्नोशांशादा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चावट विनोदी चित्रपटांनी तिथली थिएटरे भरली. कात्री त्यांनाही लागे, पण ते पडद्यावर पोचत. सत्तेला जाब विचारणारे चित्रपट मात्र वाटेतच अडत.

आपल्याकडे लष्कर नव्हते, आणीबाणी होती. 'आंधी'चे प्रदर्शन थांबवले गेले. 'किस्सा कुर्सी का' तर जाळूनच टाकला. त्याच काळात, १९७६ साली, दादा कोंडके यांचा 'तुमचं आमचं जमलं' आला. यात दादांचा दोष नाही. द्व्यर्थी विनोद हा तमाशातल्या बतावणीचा जुना वारसा आहे, आणि त्या विनोदापायी दादा सेन्सॉरशी भांडलेही. मुद्दा सत्तेचा आहे. कमरेखालच्या विनोदाने खुर्ची हलत नाही, म्हणून तो खपवून घेता येतो. वर दोन संवाद कापले की संस्कृतिरक्षणाचे श्रेयही मिळते.

न्यूझीलंडही सोवळे नाही. १९६७ साली 'युलिसिस' हा चित्रपट इथे पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळे बसवून दाखवायची अट होती! पण आज, १९९३च्या कायद्याखाली, इथले वर्गीकरण कार्यालय आपल्या निर्णयाची कारणे लेखी देते आणि त्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

आपली मराठी मंडळे काय करतात? 'हा सिनेमा कुटुंबासोबत बघता येईल का?' यावर तासभर खल होतो. भारतातल्या कुठल्याही पक्षाला झोंबेल असा माहितीपट मात्र यादीतच येत नाही. 'उगाच वाद नको' एवढ्यावर विषय संपतो. कोणी हुकूम काढलेला नसतो, कोणी सही केलेली नसते. मग दाद मागायची कोणाकडे?

चित्रपट नाकारायचा तर खुशाल नाकारा. पण कोणी नाकारला आणि का, हे सभासदांना लेखी कळवा. परक्या देशाचे सरकार आपल्याला एवढे देते, तर आपणही एकमेकांना तेवढे द्यावे.