पाला उकळला म्हणून जैविक?

रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांत सध्या एका पाककृतीची चलती आहे. कडुलिंब, तुळस, शेवगा, जो पाला हाताशी असेल तो उकळायचा, गाळायचा आणि फेरिक क्लोराईडच्या द्रावणात ओतायचा. द्रावण काळे पडले की ‘लोह ऑक्साईडचे जैविक नॅनोकण’ तयार! मग क्ष-किरणांचा एक आलेख, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला एक फोटो, की निबंध छापायला मोकळा. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून आपल्याकडे शाई करत, तीही अशीच काळी होई. तो लोह आणि टॅनिनचा संयोग. नुसत्या काळेपणावरून ऑक्साईड झाल्याचे सिद्ध होत नाही, नॅनोकण तर दूरच.

सजीव हे काम खरोखर कसे करतात, ते पाहायचे तर चिखलात उतरावे लागेल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील चिखलात उत्तरेकडेच पोहणारे जिवाणू रिचर्ड ब्लेकमोर यांना दिसले. १९७५ साली त्यांनी ते जाहीर केले. (इटलीत पावियाच्या साल्वातोरे बेल्लिनी यांनी १९६३ मध्येच हे लिहून ठेवले होते. तिकडे कोणी फिरकले नाही.) या जिवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची माळ असते. आधी पेशीच्या आतल्या पटलाला खळगी पडून इवलीशी पिशवी तयार होते. त्या पिशवीत प्रथिने लोह आणून सोडतात, आम्लता सांभाळतात आणि एका फेरस अणूमागे दोन फेरिक हे प्रमाण जमवतात. स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरच्या दरम्यान वाढतो आणि थांबतो. हे थांबणे महत्त्वाचे. तीसच्या खाली राहिला तर उष्णतेच्या हिसक्यांनी त्याच्या चुंबकत्वाची दिशा टिकत नाही. फार फुगला तर आत वेगवेगळ्या दिशांचे प्रदेश पडून जोर मारला जातो. शिवाय मॅम-के नावाच्या प्रथिनाचा एक तंतू पेशीतून लांब गेलेला असतो आणि मॅम-जे हे प्रथिन पिशव्या त्याला बांधून ठेवते. मॅम-जेचा जनुक काढून टाकला की स्फटिक एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो.

आपल्या शरीरातले फेरिटिनही असेच काटेकोर. चोवीस प्रथिनांची पोकळ डबी, आतला व्यास आठ नॅनोमीटर, मावतात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू. पाल्याच्या काढ्यात मात्र ना पिशवी, ना जनुक, ना थांबण्याची आज्ञा. जे साकळेल ते साकळेल. अशा कणांचा सांडपाणी शुद्ध करायला उपयोग असेलही, पण त्यांना जैविक म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

मार्गदर्शकांना एक विनंती. विद्यार्थ्यांना तळ्यातला गाळ आणि त्यावरचे पाणी बाटलीत भरून आणायला सांगा. पट्टीचुंबकाचे दक्षिण टोक गाळाच्या किंचित वर बाटलीला लावून काही तास ठेवा आणि तिथला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. प्रत्येक तळ्यात हे जिवाणू भरपूर मिळतील असे नाही. पण मिळाले, तर चुंबक उलटा केल्याबरोबर सगळा घोळका माघारी वळतो. खर्च जवळपास शून्य, आणि शीर्षकात ‘जैविक’ लिहायला कोणाची हरकत नाही.