हंगामी म्हणे!

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांवर विकिपीडियात स्वतंत्र लेख कशाला हवेत, असं एक विद्वान विचारतात. या कंपन्या म्हणे हंगामी, नावं बदलणाऱ्या, बाहेर कोणाला ठाऊक नसलेल्या. पूर्व विदर्भातल्या ‘झाडीपट्टी रंगभूमी’च्या लेखात एक ओळ दिली की झालं.

हंगामी? दिवाळी ते होळी कंपनी चालते. साखर कारखाना तरी बारा महिने कुठे गाळप करतो? नावाचं म्हणाल तर बल्लारपूरच्या कागद कंपनीनं १९४५चं नाव १९७५ मध्ये बदललं, म्हणून तिला कोणी कोशाबाहेर काढलं नाही.

खरी गंमत विद्वान मागतात त्या ‘छापील पुराव्या’ची. एखाद्या बड्या कंपनीनं नवा व्यवस्थापक नेमला, शाखा उघडली, कुठल्याशा हॉटेलात पुरस्कार घेतला. तिनंच धाडलेलं पत्रक वर्तमानपत्रानं शीर्षक बदलून छापलं, की विद्वानांना तो पुरावा वाटतो. इकडे गावचं मंडळ वर्गणी काढून वडशाला येतं, नाटक कंपन्यांची चार कार्यालयं हिंडून एक नाटक ठरवतं, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री धानाच्या बांधीत माणसं उजाडेपर्यंत बसतात. ही मात्र ऐकीव गोष्ट! विकिपीडियाचा नियमच सांगतो की कंपनीची पत्रकं, नेमणुका, शाखांची उद्घाटनं जमेस धरायची नाहीत. कंपनीशी संबंध नसलेल्या कोणीतरी तिच्यावर सविस्तर लिहिलेलं हवं. हा नियम लावला तर विद्वानांच्या लाडक्या कंपन्याच आधी गळतील.

गर्दी मात्र पुरावा नव्हे, आणि पोस्टर तर नव्हेच, ते कंपनीचंच. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा लेख त्यांच्यावर होईल. ज्या कंपन्यांच्या मंचावर ते उभे राहिले, त्यांच्यावर आपोआप नाही. जिच्या नाटकांवर, लेखकांवर, व्यवहारावर बाहेरच्या अभ्यासकानं पानं खर्च केली असतील, ती कंपनी लेखाला पात्र. अशा थोड्याच निघतील. बाकीच्या यादीत राहोत. झाडीपट्टीवर विद्यापीठांत प्रबंध झाले आहेत. ते आधी कपाटातून काढा.

तोवर विद्वानांनी स्वतः एका बांधकाम कंपनीवर लिहिलेल्या लेखातली पहिली तळटीप उघडून पाहावी. ती थेट कंपनीच्याच संकेतस्थळावर जाते.