बेण्याचा हौद हीसुद्धा प्रयोगशाळाच



रसाचा पोल तपासण्याआधी रस निवळून घ्यावा लागतो. त्यासाठी शिशाचे क्षार वापरण्याची पद्धत साखर कारखान्यांत जुनी आहे. शिसे विषारी. म्हणून जाणता केमिस्ट ते द्रावण तोंडाने पिपेटमध्ये ओढत नाही आणि त्या टेबलावर चहाचा कप ठेवत नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब काढायला कडक गंधकाम्ल लागते. तिथला पहिला धडा असा, की आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. वर्कशॉपमध्ये बॅटरीचे आम्ल हाताळणाऱ्यालाही हेच शिकवतात.

आता लागणीच्या दिवशी आपल्या बांधावर काय चालते ते पाहू. शंभर लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि ३०० मिली मॅलॅथिऑन टाकून त्यात टिपरी १० ते १५ मिनिटे बुडवावीत, अशी शिफारस आहे. शिफारस उत्तमच आहे. बेणे प्रक्रिया कराच, असे आम्ही गावोगाव सांगत असतो. पण ते द्रावण ढवळायला काठी सापडली नाही, की बाही वर करून हात घातला जातो. भिजलेली टिपरी पाटीत भरून बाया उघड्या हातांनी सरीत टाकत जातात. दुपारी बांधावर भाकरी सोडतात, तेव्हा हात नुसत्या पाण्यात बुचकळलेले असतात. पाटीजवळच लेकरू खेळत असते.

मॅलॅथिऑनच्या कुळातली औषधे नुसती तोंडावाटेच नव्हे, कातडीतूनही अंगात जातात. मळमळ, डोकेदुखी, घाम, तोंडाला लाळ, नजर अंधुक होणे, छाती भरून येणे ही त्यांची लक्षणे. यातली पहिली दोन-तीन दिसली, की आपण म्हणतो, "ऊन लागलं असंल, सावलीत बसा." मग ना डॉक्टर, ना उपचार. खरे तर लगेच काम थांबवून कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा लेबलासकट बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. लेबल पाहिल्यावर डॉक्टरला उपचाराची दिशा लवकर मिळते. मनाने उलटी काढायला जाऊ नये.

"इतकी वर्षं हातानंच करतोय, काय झालं?" हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. त्याचे उत्तर असे. पूर्वी बेणे पाऱ्याच्या औषधात बुडवीत असत. त्या औषधावर २०१८ साली सरकारने बंदी घातली. हुमणीसाठी आपण मुठीमुठीने फेकलेले फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. म्हणजे ज्यांची आपल्याला भीती वाटत नव्हती, तीच औषधे बंद करावी लागली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेही आपल्यासारखेच रोजच्या कामावर गेले होते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये ज्या विषारी वायूने हजारो माणसे मारली, तो वायूदेखील शेतीचे कीटकनाशक बनवण्यासाठीच साठवलेला होता.

दुसरी तक्रार अशी, की "मजूर हातमोजे घालत नाहीत, उकडतं म्हणतात." उकडते हे खरे आहे. पण बहुतेक ठिकाणी मालकाने मोजे आणलेलेच नसतात, मग घालायचे काय? कोणी आणले तर कापडी आणतात. कापड औषध शोषून घेते आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवते. त्यापेक्षा रबरी मोजे हवेत. तोंडाला बांधलेल्या ओल्या रुमालाचेही तसेच. माझे स्पष्ट मत आहे, की ऊस ज्याच्या नावावर, त्या कामावरच्या माणसाची जबाबदारीही त्याच्याच नावावर. रोजगार दिला म्हणजे ती संपली असे नाही.

मात्र सगळा बोजा सभासदावर टाकून आम्हीही मोकळे होऊ नये. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, गट ऑफिसातून उधारीवर औषध देताना रबरी मोजे आणि मास्क त्याच पावतीवर द्यावेत आणि रक्कम ऊस बिलातून वळती करावी. बेण्या-खतांच्या खर्चापुढे ही रक्कम फार नाही. दोन, गावात एक हौद आणि शिकवून तयार केलेली एक टोळी ठेवावी. म्हणजे औषधाचे माप चुकणार नाही आणि उरलेले द्रावण ओढ्यात जाणार नाही. तीन, रिकामे डबे भोके पाडून गट ऑफिसात जमा करावेत आणि त्यांची पुढची योग्य विल्हेवाट कारखान्याने लावावी. औषधाच्या डब्यात घरचे पाणी भरणे आणि पाण्याच्या बाटलीत औषध ठेवणे, या दोन्ही गोष्टी घराघरातून हद्दपार झाल्या पाहिजेत.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण मुलांकडून वाचून घ्या. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

येत्या वार्षिक सभेत एकरी उताऱ्याची चर्चा होईलच, ती व्हायलाच हवी. पण या तीन सूचनांवरही सभासदांनी उभे राहून बोलावे. विरोध असेल तर तोही मांडावा. पुढच्या लागणीआधी निर्णय झाला, तर सरीतून टिपरी टाकत जाणाऱ्या बायांच्या हातात निदान मोजे असतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी