शुगरची सुई सुटणार का? मेसेजमध्ये न सांगितलेली अर्धी गोष्ट

‘चीनमध्ये एका इंजेक्शनात शुगर कायमची बरी, इन्सुलिन बंद’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. मेसेज साफ खोटा नाही, पण अर्धाच आहे. आणि तेवढ्यावर विसंबून कुणी इन्सुलिन बंद केलं, तर जिवावर बेतेल.

आधी एक फरक समजून घ्या. टाईप १ मध्ये शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. राखणीच्या कुत्र्यानंच घरच्या कोंबड्या खाव्यात, तसं. हा प्रकार जास्त करून लहान मुलांत, तरुणांत दिसतो. टाईप २ मध्ये इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. आपल्या गावातले बहुतेक पेशंट या दुसऱ्या प्रकारचे. मेसेजमधली बातमी पहिल्या प्रकाराची आहे.

मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावायच्या, असा हा सगळा खटाटोप आहे. मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, ही पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी. तिला काही आठवडे एकामागून एक वेगवेगळी रसायनं देत इन्सुलिन बनवणारी पेशी करतात. अमेरिकेत हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी २०१४ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर जमवून दाखवलं. हा माणूस आधी बेडकाच्या वाढीवर संशोधन करायचा. सहा महिन्यांच्या मुलाला टाईप १ निघाला, पुढं मुलीलाही झाला, आणि त्यांनी सगळं आयुष्य याच कामाला लावलं.

पुढं व्हर्टेक्स या अमेरिकन कंपनीनं अशा पेशी माणसांवर वापरल्या. जून २०२५ मध्ये निकाल छापून आला. १२ जणांना पूर्ण डोस दिला होता, म्हणजे प्रत्येकी ८० कोटी पेशी, यकृताकडं जाणाऱ्या शिरेतून. वर्षभरानं १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन सुटलेलं होतं. शुगर अचानक उतरून बेशुद्ध पडणारी माणसं होती ही. त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही.

आता राहिलेली अर्धी बाजू. पेशी परक्या, त्यामुळं शरीर त्या मारणारच. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. त्यानं साधा जंतुसंसर्गही भारी पडू शकतो. त्याच चाचणीत दोन जण दगावले. पेशींमुळं नाही असं संशोधक म्हणतात, पण त्यातल्या एकाला मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग झाला होता.

चीनचं प्रकरणही असंच. तिआनजिनमधल्या २५ वर्षांच्या तरुणीच्या स्वतःच्याच चरबीतल्या पेशींपासून नव्या पेशी बनवून तिच्या पोटाच्या स्नायूंत सोडल्या, आणि ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन बंद झालं. हे खरं आहे. पण तिचं यकृत आधीच बदललेलं असल्यानं ती दाबणारी औषधं घेतच होती. मेसेजमध्ये ही ओळच नाही.

औषधांशिवाय पेशी टिकवायचा प्रयत्न स्वीडनमध्ये झालाय. दात्याच्या स्वादुपिंडातल्या पेशींच्या जनुकांत बदल करून त्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचल्या. पेशी जगल्या, इन्सुलिनही बनवू लागल्या. डोस थोडा होता, म्हणून त्याची सुई काही सुटली नाही. माझ्या मते खरी आशा याच वाटेवर आहे. टाईप १ च्या लेकराला सुई सोडवून जन्मभराची दुसरी जोखमीची औषधं लावणं, हा सौदा कुठल्याच आई-बापाला सोपा नाही.

आपल्याकडं मधुमेहावर स्टेम सेलचा इलाज मंजूर नाही. आयसीएमआरच्या नियमानुसार तो फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीत करता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी पॅकेज सांगून लाखभर मागत असेल, तर जमीन गहाण टाकण्याआधी सरकारी डॉक्टरला विचारा.

घरात टाईप १ चं मूल असेल तर इन्सुलिनचा एक दिवसही खाडा नको. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, अशी लक्षणं दिसली की रात्र असली तरी दवाखाना गाठा. फ्रीज नसेल किंवा लाईट सारखी जात असेल, तर इन्सुलिनची बाटली पिशवीत घट्ट बांधून, पाणी आत जाणार नाही असं बघून, ओल्या मातीच्या मडक्यात सावलीला ठेवा. बर्फात ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.