मैदानाची जमीन आधी, करंडक नंतर

खेळाडूची लोकप्रियता आपण टाळ्यांवरून ठरवतो. माझ्या मते ती त्याचा खेळ थांबल्यावर मोजावी. जर्मनीचा हँडबॉलपटू योआखिम डेकार्म याची हकिगत त्यासाठी विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या तिघांनीही जाणून घेण्यासारखी आहे.

डेकार्मचा जन्म १९५४ सालचा, झारब्रुकेन शहरातला. गणित आणि क्रीडा हे त्याच्या अभ्यासाचे विषय. गुमर्सबाख या लहान गावाच्या संघातून तो खेळे. हा संघ तेव्हा युरोपात अव्वल होता. पश्चिम जर्मनीकडून १०४ सामन्यांत त्याने ३८१ गोल केले. १९७८ साली कोपनहेगनला सोव्हिएत संघाला २०-१९ असे हरवून त्याचा देश जगज्जेता झाला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून अनेकजण त्याच्याकडे बोट दाखवत.

३० मार्च १९७९ रोजी हंगेरीतील ताताबान्या येथे सामना होता. धावताना प्रतिस्पर्ध्याशी टक्कर झाली आणि डेकार्मचे डोके जमिनीवर आपटले. जमीन काँक्रीटची, वर प्लास्टिकचा पातळ थर. १३१ दिवस तो शुद्धीवर आला नाही. मेंदूला जबर इजा झाली होती. बोलणे, चालणे सारे नव्याने शिकावे लागले.

खरी लोकप्रियता यानंतर दिसली. त्याचे जुने प्रशिक्षक वर्नर ह्युर्टर यांनी वर्षानुवर्षे त्याच्याकडून व्यायाम करून घेतला. त्याच्यासाठी मदतनिधी उभा राहिला. हाइनर ब्रांट आणि इतर सहकाऱ्यांनी त्याची साथ सोडली नाही. पुढे याच ब्रांट यांच्या मार्गदर्शनाखाली जर्मनी २००७ साली पुन्हा जगज्जेता झाला. २०१३ साली डेकार्मला जर्मन क्रीडा-गौरवदालनात स्थान मिळाले.

कोणी म्हणेल, पडल्याशिवाय खेळाडू घडत नाही. अगदी मान्य. मुले पडणारच, पण ती कशावर पडतात, हे ठरवणे मोठ्यांच्या हातात आहे. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या अंगणात कबड्डी, हँडबॉल यांसारखे खेळ घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निधी अपुरा असतो, हे खरे. तरीही मातीचे मैदान उकरून खडे वेचणे, गोलचे खांब पक्के रोवणे, प्रथमोपचाराची पेटी भरलेली ठेवणे याला फार पैसा लागत नाही. चटया मात्र विकत घ्याव्या लागतील. विश्वस्तांनी क्रीडा खर्चात करंडकांच्या आधी त्यांची तरतूद करावी.

पालकांनी ही हकिगत वाचून मुलांचा खेळ बंद करू नये. मैदान एकदा स्वतः पाहून यावे आणि काही खटकले तर शाळेला सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, डोक्याला मार लागला तर लपवू नका. लगेच सरांना किंवा बाईंना सांगा आणि त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नका. आणि संघातला एखादा सोबती जायबंदी होऊन घरी बसला, तर सामना जिंकल्यावरही त्याच्या घरी जा. तो अजून तुमच्याच संघात आहे, हे त्याला तुमच्या जाण्यानेच कळेल.