स्कोअर आणि श्वास

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात आजाऱ्याची विचारपूस करण्याची रीतच पालटली होती. ताप उतरला का, अन्न जाते का, चालताना धाप लागते का, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रश्न मागे पडले आणि त्यांची जागा एकाच प्रश्नाने घेतली: 'स्कोअर किती आला?' छातीच्या सीटी स्कॅनवरून पंचविसापैकी मिळालेला तो आकडा घरोघर तोंडी झाला होता. आठ आला म्हणून कोणी निर्धास्त झाले, अठरा आला म्हणून कोणाच्या घरी रडारड झाली. लाट ओसरून आता वर्षे लोटली आहेत. परंतु या आकड्याने जे उघड केले त्याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही, आणि तो मांडल्यावाचून पुढच्या साथीला सामोरे जाणे शहाणपणाचे होणार नाही.

प्रथम हा आकडा काय आहे ते पाहिले पाहिजे. माणसाच्या फुप्फुसांचे पाच खंड असतात. उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येक खंडाचा किती भाग दुधी काचेसारखा धूसर झाला आहे, हे पाहून शून्य ते पाच गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज करायची, अशी ही पद्धत आहे. २०२०च्या आरंभी वुहानमधील डॉक्टरांनी ती २१ रुग्णांच्या अभ्यासात वापरली. हे रुग्ण तीव्र श्वासावरोध न होता बरे होत असलेले होते आणि अभ्यासाचा हेतू मर्यादित होता: फुप्फुसांतील डाग दिवसागणिक कसे वाढतात व कसे ओसरतात, हे पाहणे. लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे दहाव्या दिवशी ते सर्वाधिक असतात, असे त्यातून दिसले. याचा सरळ अर्थ असा की, कोणत्या दिवशी स्कॅन काढला हे सांगितल्याविना नुसत्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

त्याच वर्षीच्या इतर अभ्यासांनी या मर्यादा आणखी स्पष्ट केल्या. चीनमधील एका पाहणीत, लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या दोन दिवसांत ज्यांचे स्कॅन काढले त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक रुग्णांची फुप्फुसे स्वच्छ दिसली. म्हणजे रोग असूनही चित्र निर्दोष होते. याउलट, जपानमध्ये 'डायमंड प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावरील ज्या ७६ बाधितांना कसलीही लक्षणे नव्हती, त्यांच्यापैकी ४१ जणांच्या फुप्फुसांत बदल आढळले. म्हणजे माणूस धडधाकट असूनही चित्र सदोष होते. घाबरून पहिल्याच दिवशी स्कॅन काढणाऱ्याला खोटा दिलासा मिळत होता आणि लक्षणे नसताना काढणाऱ्याला अकारण धसका बसत होता. दोघांचेही पैसे मात्र सारखेच खर्च होत होते.

हे ज्ञान तज्ज्ञांना नव्हते असे नाही. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने, मार्च २०२०मध्येच बजावले होते की, करोनाच्या निदानाची पहिली चाचणी म्हणून सीटी स्कॅन वापरू नये. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि विशिष्ट कारण असलेल्या रुग्णांसाठीच तो राखून ठेवावा. भारतातही एप्रिल २०२१मध्ये 'एम्स' आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या मार्गदर्शिकेने मध्यम आजाराच्या रुग्णाचा स्कॅन प्रकृती खालावत असेल तरच काढावा, असे म्हटले होते. रोगाचे गांभीर्य ठरवण्याचा सरकारी निकष स्कोअर नव्हता. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि श्वासाची गती हा होता. प्राणवायू मोजण्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधून काढले, आणि त्यावर चालणारे बोटाला लावायचे उपकरण गावातल्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीत मावत होते.

मग लोक रांगा लावून स्कॅन का काढत होते? त्यांना अडाणी ठरवून या प्रश्नातून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. दुसऱ्या लाटेत आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल यायला अनेक ठिकाणी तीन-तीन, चार-चार दिवस लागत होते. अहवाल हाती नसेल तर रुग्णालयाचे दार उघडत नव्हते. दाखल होण्यासाठी बाधित असल्याचा अहवाल सक्तीचा नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केले ते ८ मे २०२१ रोजी, लाट शिगेला पोचल्यावर. चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येण्याचा धोकाही खराच होता. अशा वेळी अर्ध्या तासात हाती पडणारा स्कॅन हा रुग्णाच्या नातेवाइकांना आणि भांबावलेल्या डॉक्टरांना एकमेव आधार वाटला. खुद्द चीनमध्ये, हुबेई प्रांतात चाचण्यांचा तुटवडा पडला तेव्हा फेब्रुवारी २०२०मध्ये सीटीच्या आधारे केलेले निदान ग्राह्य धरण्यात आले आणि एका दिवसात तेरा हजारांहून अधिक रुग्णांची भर पडली. परंतु ती टंचाईतील तडजोड होती आणि चाचण्यांची सोय होताच काही दिवसांत ती सोडून देण्यात आली. महाराष्ट्रात हीच तडजोड शिरस्ता बनली.

शिरस्ता बनला याला कारण होते; त्यात कोणाचे तरी उत्पन्न होते. राज्य शासनाने सप्टेंबर २०२०मध्ये स्कॅनचे कमाल दर ठरवून दिले. यंत्राच्या क्षमतेनुसार दोन हजार, अडीच हजार आणि तीन हजार रुपये. मनमानी आकारणीला त्यामुळे लगाम बसला, याचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. परंतु अडीच हजार रुपये म्हणजे किती? २०२१-२२ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २४८ रुपये मिळत होते. म्हणजे एका स्कॅनसाठी दहा दिवस खडी फोडायची. घरातली चार माणसे एकदम आजारी पडली, तर सव्वा महिन्याहून अधिक काळाची मजुरी चार फिल्मांत गेली. त्याच सुमारास आरटी-पीसीआर चाचणीचा किमान दर शासनाने पाचशे रुपयांवर आणला होता. स्वस्त चाचणी उशिरा मिळत होती आणि महाग स्कॅन तत्काळ मिळत होता. गरिबाने घाई करावी आणि घाईसाठी पाचपट मोजावे, असा हा व्यवहार होता.

दरनियंत्रणाची मर्यादा नेमकी येथे दिसते. शासनाने स्कॅनची किंमत ठरवली. स्कॅनची गरज कोणी ठरवायची, हे ठरवले नाही. सीटी यंत्रातून निघणाऱ्या किरणांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, त्यासाठी परवाना लागतो. परंतु त्या यंत्राखाली कोणत्या रुग्णाने, कोणत्या दिवशी, कोणत्या कारणासाठी झोपावे, यावर कोणाचीही देखरेख नाही. रुग्ण पाठवणाऱ्याला त्याचा 'कट' मिळत असेल, तर गरजेचा निर्णय निःस्पृहपणे होईल ही अपेक्षा भाबडेपणाची आहे. हा रोग महाराष्ट्राला ठाऊक नव्हता असेही नाही. कट प्रॅक्टिसला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ साली तयार झाला होता. करोनाची लाट आली तेव्हा तो कायदा झालेला नव्हता.

चुकीच्या आकड्याची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. जून २०२०मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने दाखवून दिले की, डेक्सामेथासोन हे जुने व स्वस्त स्टेरॉइड कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांतील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी करते. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा काहीही लाभ झाला नाही. उलट अपायाची शंका दिसली. म्हणजे औषध द्यायचे की नाही, हे श्वास सांगत होता. आकडा पाहून ज्यांना घरीच स्टेरॉइड सुरू करण्यात आले, त्यांना गरजेविना धोक्यात लोटले गेले. मधुमेह आणि स्टेरॉइडचा अविचारी वापर यांचा म्युकरमायकोसिसशी असलेला संबंध पुढे डोळे आणि जबडे गमावलेल्या रुग्णांनी भोगला. दुसरीकडे, स्कोअर कमी आहे म्हणून घरी थांबलेला आणि प्राणवायू घसरत असताना बोटाला उपकरण न लावलेला रुग्ण रुग्णालयात पोचला तो उशिरा.

यावरून यंत्रालाच दोषी ठरवणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार होईल. प्रकृती अकस्मात ढासळली, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा संशय आला किंवा निदानच संशयास्पद असले, तर सीटी स्कॅन प्राण वाचवतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका सार्वजनिक रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन काढला गेला. त्याचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीत अभियंता होते, हे पुष्कळांना माहीत असते. त्यांच्या संशोधनाचा बराच खर्च ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्याने उचलला होता, हे फारसे सांगितले जात नाही. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक रुग्णालयात जन्मलेले हे यंत्र महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या रुग्णाला मात्र मुख्यतः बाजारातच भेटते.

उपाय यातूनच निघतात. जिल्हा रुग्णालयांत शासनाच्या मालकीची सीटी यंत्रे आणि ती चालवणारे पगारी क्ष-किरणतज्ज्ञ हवेत. ग्रामीण रुग्णालयांत साधे क्ष-किरण यंत्र बारा महिने चालू हवे. साथीच्या काळात स्कॅनसाठी पाठवताना कारण, लक्षणांचा दिवस आणि प्राणवायूचे प्रमाण लिहिणे बंधनकारक हवे, आणि त्या नोंदींची तपासणी करणारी यंत्रणा हवी. कट प्रॅक्टिसला शिक्षा करणारा कायदा हवा. यांपैकी काहीही फुकट होणार नाही. सरकारांचा आरोग्यावरील खर्च २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले होते. ती मुदत उलटली आणि खर्च तेथवर पोचला नाही.

ज्या समाजात प्रशिक्षित डॉक्टर जवळ असतो, चाचणी वेळेवर मिळते आणि खाट मिळण्याची खात्री असते, तेथे रुग्णाला आपल्या आजाराचा पुरावा खिशात घेऊन हिंडावे लागत नाही. २०२१ साली महाराष्ट्रातील लाखो माणसे तो पुरावा विकत घेत होती, कारण त्याखेरीज आपल्याकडे कोणी पाहील याची त्यांना खात्री नव्हती. ती खात्री देणे हे शासनाचे काम आहे. दर ठरवून देण्याने ते पुरे होत नाही.